आयुष्यातली १५ वर्षं विकाल का? ‘पॅराडाइज’मधला सौदा आणि प्रयोगशाळेबाहेरचा बाजार

समोर बसलेला मुलगा १८ वर्षांचा आहे. कुटुंब दुसऱ्या देशातून आलेलं, घरची परिस्थिती बेताची. त्याच्यापुढे सूट घातलेला, गोड बोलणारा एक कंपनीचा माणूस हिशेब मांडतोय. आयुष्यातली १५ वर्षं द्यायची आणि बदल्यात लाखो युरो घ्यायचे. घर होईल, शिक्षण होईल, आईवडिलांची ओढाताण थांबेल. कुणी जबरदस्ती करत नाही. सगळं कायदेशीर, सही-शिक्क्यानिशी.

२०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘पॅराडाइज’ या जर्मन सायन्स थ्रिलरची सुरुवात अशी होते. बोरिस कुंझ यांनी दिग्दर्शित केलेल्या या सिनेमात एऑन नावाची बायोटेक कंपनी आहे. डीएनए जुळणाऱ्या दोन माणसांमध्ये ती वय इकडून तिकडे करते. देणारा एका झटक्यात म्हातारा होतो, घेणारा तरुण. मॅक्स हा या कंपनीचा सर्वांत यशस्वी ‘सेल्समन’. मग एके दिवशी त्याचं आलिशान घर जळतं, विमा कंपनी हात वर करते आणि कळतं, की कर्जासाठी तारण म्हणून त्याच्या बायकोने, एलेनाने, स्वतःच्या आयुष्याची ४० वर्षं लिहून दिली होती. वसुली होते. जिच्याबरोबर मूल होऊ देण्याचा विचार चालला होता, ती बायको त्याच्यासमोर आजीच्या वयाची होऊन उभी राहते.

पुढे सिनेमा अपहरण आणि पाठलागात शिरतो आणि थोडा विस्कळीत होतो, हे मान्य. पण तारणाची ती एक कल्पना डोक्यातून जात नाही. वीस वर्षांचं होम लोन डोक्यावर असलेल्या कुणालाही ती फार परकी वाटणार नाही. हप्ते फेडताना आपण काय विकतो? वर्षंच की.

दीर्घायुष्याच्या संशोधनाबद्दल सध्या मोबाइलवर दिवसाआड काहीतरी येऊन आदळतं. कुणी अब्जाधीश रोज शंभरेक गोळ्या खातोय, कुणी मुलाचं रक्त टोचून घेतोय, कुणी म्हणतंय की १५० वर्षं जगणारा माणूस जन्मालाही आलाय. यातलं खरं किती आणि फेकाफेक किती, हे पाहायलाच हवं. पण त्याहून मोठा प्रश्न ‘पॅराडाइज’ने नेमका पकडलाय: वाढलेल्या आयुष्याचं बिल कोण भरणार?

वय असं ‘ट्रान्सफर’ होतं का?

नाही. वय ही शरीरात एका जागी साठवलेली वस्तू नाही, की पाइप लावला आणि दुसऱ्या टाकीत सोडली. पेशींमधल्या डीएनएला होणारी इजा, खराब प्रथिनांचा साठत जाणारा कचरा, विभाजन थांबवून नुसत्याच बसून राहिलेल्या आणि आजूबाजूला दाह पसरवणाऱ्या पेशी, थकलेल्या मूळ पेशी अशा अनेक गोष्टी एकाच वेळी बिघडत जातात, त्याला आपण म्हातारपण म्हणतो. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला ‘फटीग’ हा धडा असतो. एकाच मोठ्या धक्क्याने तुटत नाही ते धातूचं पातं लाखो छोट्या हेलकाव्यांनी तुटतं. शरीराचं थोडंफार तसंच आहे. फरक इतकाच, की शरीर स्वतःची डागडुजीही करत असतं आणि ती डागडुजी करणारी यंत्रणाच हळूहळू दमत जाते.

पण ‘तरुणाकडून घेऊन म्हाताऱ्याला द्यायचं’ ही कल्पना सिनेमावाल्यांनी हवेतून काढलेली नाही. तिच्यामागे खरा प्रयोग आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी एक तरुण आणि एक म्हातारा उंदीर शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडले, म्हणजे दोघांचं रक्त एकत्र वाहू लागलं. ही पद्धत जुनीच, १९ व्या शतकातली. म्हाताऱ्या उंदराच्या स्नायूंची जखम भरून काढण्याची ताकद वाढलेली दिसली. ‘नेचर’मध्ये हा पेपर आला आणि जगभरात एकच बातमी झाली: तरुण रक्तात जादू आहे.

बाजाराला एवढं पुरेसं होतं. कॅलिफोर्नियातल्या अँब्रोसिया या स्टार्टअपने ८ हजार डॉलर घेऊन लोकांना तरुण दात्यांचा एक लिटर प्लाझ्मा द्यायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने जाहीर इशारा दिला, की अशा उपचाराचा कोणताही सिद्ध फायदा नाही, उलट धोके आहेत. कंपनीने उपचार थांबवले. त्यानंतर २०२३ मध्ये ब्रायन जॉन्सन या अमेरिकी उद्योजकाने आपल्या १७ वर्षांच्या मुलाचा प्लाझ्मा स्वतःला टोचून घेतला. स्वतःची पेमेंट कंपनी ८० कोटी डॉलरला विकून गब्बर झालेला हा माणूस. काही महिन्यांतच त्याने सांगून टाकलं, की फायदा काही दिसला नाही, बंद केलं.

गंमत पुढे आहे. २००५ च्या त्या प्रयोगातल्याच कॉनबॉय दांपत्याने २०२० मध्ये वेगळा प्रयोग केला. म्हाताऱ्या उंदरांच्या रक्तातला अर्धा प्लाझ्मा काढला आणि त्याजागी तरुण उंदराचं काहीही न घालता नुसतं मिठाचं पाणी आणि अल्ब्युमिन घातलं. परिणाम जवळपास तसेच चांगले. म्हणजे तरुण रक्तात अमृत असण्यापेक्षा म्हाताऱ्या रक्तात साचलेला गाळ पातळ होणं महत्त्वाचं असावं. हा उंदरांवरचाच निष्कर्ष आहे, माणसांवर तो जसाच्या तसा लावता येत नाही. तरी त्यातून एक गोष्ट दिसते. कुणा तरुणाकडून काही ओरबाडून घेण्याची गरज विज्ञानाला बहुधा नव्हतीच. ती घाई बाजाराची होती.

ययाती आणि पुरूची गोष्ट आपल्याला नवी नाही

जॉन्सन आणि त्याच्या मुलाची बातमी आली तेव्हा मराठी सोशल मीडियावर पहिली प्रतिक्रिया एकाच शब्दाची होती: ययाती. साहजिकच आहे. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ कादंबरीला १९७४ चा ज्ञानपीठ मिळाला, मराठीतला तो पहिला. कादंबरी न वाचलेल्यालाही महाभारतातली गोष्ट माहीत असते. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारा झालेला राजा मुलांकडे तारुण्य मागतो. बाकीचे नकार देतात, धाकटा पुरू देतो.

आपण ही गोष्ट बहुतेक वेळा भोगाच्या लालसेची म्हणून ऐकतो. माझ्या मते तिच्यात आजच्या काळाला जास्त लागू पडणारा भाग पुरूचा आहे. त्याने होकार दिला. पण समोर बाप आहे, बाप राजा आहे आणि नकार देणाऱ्या भावांच्या वाट्याला बापाचे शाप आलेत. अशा वेळी त्या होकाराला होकार म्हणायचं का? पुरूला निदान बदल्यात राज्य मिळालं आणि शेवटी तारुण्यही परत मिळालं. ‘पॅराडाइज’मधल्या १८ वर्षांच्या मुलाला परतीचा रस्ता नाही.

दीर्घायुष्याची आपल्याकडची दुसरी गोष्ट अश्वत्थाम्याची. मरण नाही, पण कपाळावरची जखमही भरत नाही, तेल मागत फिरायचं. एकीकडे ‘शतायुषी हो’ म्हणून आशीर्वाद देणारी, वाढदिवसाला औक्षण करणारी आपली संस्कृती, आणि दुसरीकडे चिरंजीव होण्याला शाप म्हणणारीही तीच. चेक लेखक कारेल चापेक यांनी १९२२ मध्ये तीनशेहून अधिक वर्षं जगलेल्या एका गायिकेवर नाटक लिहिलं, जिला जगण्याचाच कंटाळा आलाय. ‘रोबो’ हा शब्द जगाला ज्याच्या नाटकातून मिळाला तोच हा लेखक. तत्त्वज्ञांनी या कंटाळ्यावर बरंच लिहिलंय. खरं सांगायचं तर कंटाळा ही पोट भरलेल्यांची अडचण वाटते. आधी जगायला तर मिळू दे, मग कंटाळ्याचं बघू.

मग खरं काम कुठे चाललंय?

रक्तापेक्षा जास्त भक्कम पुरावा एका गोळीच्या बाजूने आहे आणि तिची गोष्ट सिनेमापेक्षा भारी आहे. १९६४ मध्ये कॅनडातली एक वैद्यकीय मोहीम पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई. तिथून मातीचे नमुने आणले गेले. मॉन्ट्रिअलमधल्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत, फाळणीपूर्व पंजाबात जन्मलेले शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल यांच्या गटाने १९७० च्या दशकात त्या मातीतल्या जिवाणूपासून एक रसायन वेगळं काढलं. बेटाच्या नावावरून त्याचं नाव रापामायसिन. कंपनीने पुढे मॉन्ट्रिअलची प्रयोगशाळाच बंद केली. प्रकल्प गुंडाळला गेला. सेहगल यांनी मात्र तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. काही वर्षांनी व्यवस्थापन बदललं तेव्हा त्यांनी नव्या साहेबांना पटवून काम पुन्हा सुरू केलं. १९९९ मध्ये एफडीएने या औषधाला मान्यता दिली ती किडनी प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांसाठी, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून.

वयाशी त्याचा संबंध नंतर ठळक झाला. पेशीत एमटॉर नावाचं एक प्रथिन मुकादमासारखं काम करतं. खायला-प्यायला भरपूर असेल तर ते हुकूम सोडतं, बांधकाम चालू ठेवा. टंचाई असेल तर बांधकाम थांबवून साफसफाईला लावतं. जुनं, खराब झालेलं मोडून त्याचाच कच्चा माल वापरला जातो. रापामायसिन या मुकादमाला गप्प करतं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी एकाच वेळी केलेल्या अभ्यासात ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशेबात साठीच्या, उंदरांना हे औषध दिलं. माद्यांचं आयुष्य १४ टक्क्यांनी आणि नरांचं ९ टक्क्यांनी वाढलं. साठीनंतर सुरू करूनही फरक पडतो, ही खरी बातमी होती.

माणसात काय होतं? रापामायसिनने माणसाचं आयुष्य वाढतं, याचा पुरावा नाही. प्रतिकारशक्ती दबणं, तोंडात फोड, साखर वाढणं असे दुष्परिणाम मात्र नोंदलेले आहेत. जॉन्सननेही काही वर्षं घेऊन ते २०२४ मध्ये सोडून दिलं. तेव्हा ‘अँटी-एजिंग’ म्हणून कुणी ही गोळी ऑनलाइन विकत असेल, तर सरळ पुढे जा.

दुसरीकडे मोठा पैसा पेशींना मागे नेण्याच्या तंत्रात ओतला जातोय. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये दाखवलं, की चार जनुकं चालू केली की वाढ झालेली पेशी पुन्हा भ्रूणातल्या पेशीसारखी कोरी होते. २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हे अर्धवट करून, म्हणजे पेशीची ओळख न पुसता फक्त तिचं वय खाली आणता येईल का, यावर आता शर्यत आहे. २०२२ मध्ये अल्टॉस लॅब्स ही कंपनी ३ अब्ज डॉलर घेऊन सुरू झाली. अडचण अशी, की त्या चारांपैकी एक जनुक कर्करोगाशी जोडलेलं आहे. पेशीला तरुण करणं आणि तिला बेफाम वाढू देणं यातलं अंतर फार थोडं आहे.

फडताळातली गोळी आणि न होणारी चाचणी

आता तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्याकडे वळू. त्यात बहुधा मेटफॉर्मिन असेल. बाबांची किंवा आईची शुगरची गोळी. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदींवरून एक चकित करणारा निष्कर्ष आला: मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही, मधुमेह नसलेल्यांपेक्षाही किंचित जास्त जगताना दिसले. २०२२ मध्ये डेन्मार्कमधल्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा मात्र तसा फायदा आढळला नाही. अशा वेळी एकच उपाय असतो, नीट चाचणी घेणे. न्यूयॉर्कमधले संशोधक निर बार्झिलाय यांनी तिचा आराखडा कित्येक वर्षांपूर्वीच केला. ६५ ते ७९ वयोगटातले ३ हजार लोक, सुमारे सहा वर्षं, निम्म्यांना मेटफॉर्मिन आणि निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. कर्करोग, हृदयविकार, स्मृतिभ्रंश लांबतो का, ते पाहायचं.

वर्षानुवर्षं ही चाचणी पैशांसाठी अडून राहिली. कारण साधं आहे. मेटफॉर्मिनचं पेटंट केव्हाच संपलंय. गोळी काही रुपयांना मिळते. ती उपयोगी ठरली तर फायदा सगळ्या जगाचा, पण नफा कुणाचाच नाही. शिवाय म्हातारपण हा औषध नियामकांच्या लेखी आजार नाही, त्यामुळे त्यावरच्या ‘उपचारा’ला मान्यता मिळण्याचा रस्ताही सरळ नाही. एका बाजूला ३ अब्ज डॉलरची कंपनी उभी राहते आणि दुसऱ्या बाजूला सर्वांत स्वस्त गोळीची चाचणी वाट पाहत बसते. दीर्घायुष्याच्या नीतीची चर्चा करताना लोक अमरत्व, निसर्गाविरुद्ध जाणं वगैरेवर घसरतात. मला हा छोटा, रुक्ष निधीचा प्रश्न जास्त मोठा वाटतो. कोणत्या औषधाची चाचणी होते, यावरूनच उद्या जास्त कोण जगणार ते ठरतंय.

यंत्राशिवाय चाललेला सौदा

‘वय विकणं ही कविकल्पना’ असं म्हणून सिनेमा बंद करण्याआधी थोडे आकडे बघू.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या करनोंदी आणि मृत्यूनोंदी जोडून केलेला एक प्रचंड मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत श्रीमंत १ टक्का पुरुष सर्वांत गरीब १ टक्का पुरुषांपेक्षा सरासरी १४.६ वर्षं जास्त जगताना दिसले. स्त्रियांमध्ये हा फरक १०.१ वर्षांचा. सिनेमातला तो मुलगा १५ वर्षं विकतो. एऑनचं यंत्र नाही, डीएनए जुळवणं नाही आणि बदल्यात पैसेही नाहीत, तरी फरक जवळपास तेवढाच.

बदल्यात पैसे मिळतात तेव्हा काय होतं, याचंही उत्तर आपल्या देशातच आहे. चेन्नईत किडनी विकलेल्या ३०५ लोकांचा अभ्यास २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी किडनी विकली होती. पाहणीच्या वेळी त्यातले सुमारे तीन चतुर्थांश अजूनही कर्जातच होते. कुटुंबाचं उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घटलं होतं, बहुतेकांनी तब्येत खालावल्याचं सांगितलं. किडनी विक्रीवर बंदी घालणारा अवयव प्रत्यारोपण कायदा तर १९९४ चाच. कागदावर बंदी, प्रत्यक्षात दलाल. कर्ज फेडायला शरीर विकलं, शरीर थकल्यावर कमाई घटली, कमाई घटल्यावर पुन्हा कर्ज. एलेनाच्या तारणाची गोष्ट यापेक्षा वेगळी कुठे आहे?

आणि मग बीड. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची आणि ती फेडेपर्यंत तोडायचं. एक दिवस काम चुकलं तर ‘खाडा’, त्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही, फडात शौचालय नाही. अशा परिस्थितीत पांढऱ्या पाण्याची किंवा पोटदुखीची तक्रार घेऊन गेलेल्या, पंचविशी-तिशीतल्याही बायकांची गर्भाशयं काढली गेली. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. तरुण वयात अंडाशयांसह गर्भाशय काढलं, की शरीरातली संप्रेरकं कोसळतात, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. थोडक्यात, वय पुढे सरकतं. त्यांच्याही कागदांवर अंगठा किंवा सही असेल. कुणी पिस्तूल लावलं नव्हतं.

म्हणून ‘राजीखुशी’ हा शब्द दिसला की थांबून पाहायला हवं. दीर्घायुष्याच्या तंत्रज्ञानाचे समर्थक म्हणतात, दोन सज्ञान माणसं आपापसात करार करत असतील तर तिसऱ्याचं काय जातं? युक्तिवाद ऐकायला स्वच्छ आहे. पण उचल डोक्यावर असलेल्या माणसाचा होकार आणि कर्ज नसलेल्या माणसाचा होकार यांची किंमत एक नाही, हे आपल्या कायद्याने एका बाबतीत तरी मान्य केलंय. पूर्वी आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देणारे ‘व्यावसायिक दाते’ असत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झालं. अमेरिकेत आजही पैसे घेऊन प्लाझ्मा देता येतो, तोही आठवड्यातून दोनदा. जगातल्या प्लाझ्मा औषधांचा बराचसा कच्चा माल तिथूनच येतो. त्यातून हिमोफिलियाच्या रुग्णांचे जीव वाचतात, हेही खरं. त्यामुळे आपली बंदी योग्य आणि त्यांची पद्धत राक्षसी, इतकं सोपं करून चालणार नाही. पण रांगेत कोण उभं राहतं, हे दोन्हीकडे बघता येतं.

आजोबा दीडशे वर्षं जगले तर?

समजा, कुणाचंही काही न ओरबाडता, एखादी स्वस्त गोळी निघाली. तरी प्रश्न संपत नाहीत, फक्त बदलतात.

फ्रान्समधल्या आर्ल गावच्या जान कालमां या बाई १९९७ मध्ये १२२ वर्षांच्या होऊन वारल्या. नोंद झालेल्या सर्वाधिक वयाचा विक्रम त्यांचाच. त्या नव्वदीत असताना, १९६५ मध्ये, एका वकिलाने त्यांच्याशी करार केला. तो दरमहा २५०० फ्रँक देणार आणि बाई गेल्यावर फ्लॅट त्याचा. फ्रान्समध्ये अशी पद्धत आहे. सौदा फायद्याचा वाटला असणार. वकील १९९५ मध्ये, ७७ व्या वर्षी वारला. तोवर फ्लॅटच्या किमतीच्या दुपटीहून जास्त रक्कम देऊन झाली होती, आणि करारानुसार पुढचे हप्ते त्याच्या बायकोला भरावे लागले. पेन्शन, विमा, भाडेकरार, वारसा, सगळ्याच्या मुळाशी एक गृहीतक असतं, की माणूस साधारण अमुक वर्षांनी जाईल. ते हललं की सगळं हलतं.

आपल्याकडे तर सातबाऱ्यावरच बघा. वारस नोंद व्हायला कुणीतरी जावं लागतं. आजोबा दीडशे वर्षं जगले तर शंभरीतला मुलगा आणि पंचाहत्तरीतला नातू दोघंही ‘घरचे लहान’च राहतील. खुर्च्यांचंही तेच. पक्षाचा अध्यक्ष, कारखान्याचा चेअरमन, विभागप्रमुख, यांना आजही निवृत्त करायला निसर्गाचीच मदत घ्यावी लागते. आणि वाढलेल्या वर्षांत अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी कोण घेणार? घराघरात याचं उत्तर ठरलेलं आहे: सून, मुलगी, नाहीतर तासावर येणाऱ्या मावशी. ‘सरासरी आयुर्मान वाढलं’ या बातमीत त्यांचे तास कुठेच मोजलेले नसतात.

याचा अर्थ संशोधन थांबवा, असा नाही. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं, आज ते सुमारे ७० आहे. ते लस, स्वच्छ पाणी, सुरक्षित बाळंतपण आणि अँटिबायोटिक्समुळे वाढलं. तेव्हाही कुणीतरी ‘निसर्गात ढवळाढवळ’ म्हणालंच असेल. जगण्याची इच्छा ही काही श्रीमंतांची खोड नाही. चाळिशीत बाप गमावलेल्या कुठल्याही घराला विचारा. फक्त त्या वाढीत एक गोष्ट होती. देवीची लस टोचून एका मुलाचं आयुष्य वाढलं म्हणून दुसऱ्याचं घटलं नाही.

त्यामुळे या क्षेत्रातली नवी घोषणा स्क्रीनवर आली की माझ्या मते तीन गोष्टी आधी बघाव्यात. प्रयोग उंदरांवर झालाय की माणसांवर. आयुष्य वाढलं असं म्हणतात की फक्त रक्ततपासणीतला एखादा आकडा सुधारला. आणि कच्चा माल कुणाच्या शरीरातून येतोय. पहिल्या दोन्हींची उत्तरं बहुतेकदा बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात सापडतात. तिसऱ्याचं उत्तर शोधावं लागतं.

सरकारच्या पातळीवर करण्यासारखं बरंच आहे. पेटंट संपलेल्या स्वस्त औषधांच्या चाचण्यांना सार्वजनिक पैसा द्यायला हवा, कारण कंपन्या तो देणार नाहीत. मधुमेहींची प्रचंड संख्या आणि मेटफॉर्मिनचं उत्पादन दोन्ही आपल्याकडे आहे, त्यामुळे अशी चाचणी भारतात होणं तर अगदी नैसर्गिक. प्लाझ्मा आणि मूळ पेशींच्या नावाखाली ‘तारुण्य’ विकणाऱ्या क्लिनिकवर कारवाई करायला नवा कायदा लागेलच असं नाही, आहेत ते नियम वापरले तरी पुष्कळ. आणि शरीराचा कोणताही भाग किंवा त्याची भविष्यातली क्षमता कर्जाचं तारण होऊ शकत नाही, हे तंत्रज्ञान येण्याआधीच लिहून ठेवायला काय हरकत आहे? किडनीचा कायदा दलाल माजल्यानंतर आला होता.

‘पॅराडाइज’चा शेवट ज्यांना आधी कळायला नको असेल त्यांनी इथे थांबावं. गेलेली ४० वर्षं परत मिळवायला निघालेल्या मॅक्स आणि एलेनाच्या हाती कंपनीच्या मालकिणीऐवजी तिची तरुण मुलगी लागते. तिने एलेनाचं काही घेतलेलं नाही. डीएनए मात्र जुळतो. मॅक्सचे पाय अडखळतात. एलेना ती वर्षं घेते.